घ्यायचं तर विचारून

१

आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज माझ्या गुडघ्यांचा. उठताना दोघे मिळून कुरकुरतात आणि चार पावलं टाकली की गप्प होतात. जुन्या नोकरांसारखे आहेत. बडबड करतील, पण काम अडवणार नाहीत. मग पातेल्याचा आवाज, मग सुनेच्या शिलाई मशीनचं पायडल. आणि त्या वर्षी यांत एक आवाज नव्यानं आला होता, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नटावर पाना फिरल्याचा. कट्-कट्-कट्. तो कानावर पडला की वाटायचं, चला, आजचा दिवस मार्गी लागला.

माझा मुलगा मालाची मोठी गाडी चालवायचा. माल उतरवताना फळीवरून पडला आणि डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी आत पट्टी घातली, स्क्रू मारले, पाय उभा केला. पण गुडघा वाकेना. तेही चाललं असतं, लंगडत का होईना माणूस जगतो. पण हा पलंगावर पडला तो भिंतीकडे तोंड करून, आणि पुढे कितीतरी महिने मला त्याची फक्त पाठ दिसली. ताट भरून ठेवायचं आणि भरलेलंच उचलायचं. आईला मुलाची पाठ ओळखू येते, पण पाठीशी बोलायचं काय?

शेडमध्ये ह्यांचा ट्रॅक्टर उभा होता. हे गेले तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. बॉनेटवर कोंबड्या बसायच्या. एकदा भंगारवाला दारात येऊन ओरडला, "आजी, ते मागचं मढं उचलू का?" मी तोंड उघडायच्या आत खोलीतून आवाज आला, "हात लावायचा नाही त्याला!"

मी आणि सून एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत शेडमध्ये गेला, आणि तिथलाच झाला.

"घ्या आई," सून म्हणाली, "तुमच्या मुलानं सवत आणली मला. तीही माझ्या आधीची."

"असू दे. जेवतोय ना?"

"जेवतोय? काल माझ्या ताटातलं अंडं उचललं."

"मग सवतीच्या पाया पड," मी म्हटलं.

२

मदतीला पिस्टन यायचा. हा कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवतं की नाही, देव जाणे. एका जागी बूड टेकत नाही, सारखा वर-खाली, म्हणून पिस्टन. त्या दिवशी दोघांनी रेडिएटर उतरवला. खालच्या अंगाला बोटभर चीर होती.

"उद्या डाख लावू," पिस्टन म्हणाला, "सामान घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघांचं चाललं होतं.

"काय रे, माझी वाट तरी बघायचीस."

"कसली वाट?"

"डाख लावून मोकळा झालास की. आणि काय लावलायस! हात फिरवला तरी कळत नाही."

"मी? तूच सकाळी येऊन लावून गेलास."

"बरं बाबा, मी लावला. मी झोपेत लावतो. बायकोला विचार."

दोघे हसले. याला वाटलं तो मोठेपणा घेत नाही, त्याला वाटलं हा घेत नाही. पुरुषांचं असंच असतं. काम बिघडलं तर कुणी बिघडवलं यावर रात्रभर भांडतील, पण आयतं झालेलं काम कुणी केलं हे विचारणार नाहीत.

मी वाकून बघितलं. पितळेचं ठिगळ होतं, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचं. एका काठाला बारीक टिंबांची नक्षी. ती नक्षी माझ्या बोटांना ओळखीची होती. मला अक्षर येत नाही, पण घरातली प्रत्येक वस्तू पाठ आहे.

आत येऊन मुलाच्या उशाशी असलेलं किल्लीचं घड्याळ उलटं केलं. मागच्या पितळी झाकणाला एक भोक होतं. थेंबाच्या आकाराचं. कडा इतक्या गुळगुळीत घासलेल्या, की वाटावं घड्याळ असंच जन्माला आलंय. आत चाकं फिरत होती, आणि घड्याळ वेळ बरोबर दाखवत होतं.

३

पुढे रोज काहीतरी व्हायला लागलं. काल जाम असलेला नट आज बोटानं फिरायचा. डिझेल पंपाचं चामड्याचं वॉशर कुजलं होतं, ते सकाळी नवंकोरं. आणि खुंटीवर लटकलेल्या ह्यांच्या पट्ट्याला गोल भोक. उंदीर म्हणावं, तर कुठला उंदीर कंपास घेऊन कुरतडतो? पिस्टनवर संशय घ्यावा, तर तो त्या दिवशी बहिणीकडे गेलेला. मुलगा म्हणावं, तर तो खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, लहानपणापासून, आणि कान तर जागच्या रंगाचे होते. मग माझंच डोकं फिरलं म्हणावं का? तेही करून बघितलं. सगळ्या डब्यांत काय काय आहे ते डोळे मिटून आठवलं आणि मग उघडून बघितलं. एक लवंग चुकली नाही.

कुणाला बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलगा दाढी करायला लागला होता. शीळ घालायला लागला होता. मी तोंड उघडलं असतं तर दोन गोष्टी झाल्या असत्या. एक तर मला वेडी ठरवलं असतं, नाहीतर काम थांबलं असतं. पहिलीची मला भीती नव्हती. दुसरी झाली तर पुन्हा ती पाठ.

पण मग सुनेच्या मशीनमधली स्प्रिंग गेली.

"कुणी काढली?" ती कात्री हातात घेऊनच शेडमध्ये गेली. "खरं सांगा. तुमच्या त्या सवतीसाठी माझी स्प्रिंग काढलीत ना?"

"मी कशाला काढू?"

"मग चालत गेली का ती?"

"गेली असेल. तुझ्या मशीनच्या आवाजाला कंटाळून."

"आणखी एक वस्तू जाऊ दे," सून म्हणाली, आणि ती हे ओरडून नाही, हळू आवाजात म्हणाली, म्हणजे खरं, "त्याच दिवशी भंगारवाल्याला मी स्वतः बोलावीन. या मशीनवर घर चाललंय, तुमच्या शिट्ट्यांवर नाही."

मुलानं पाना उचलून पुन्हा नट पिळायला घेतला. पण रात्री ताटात अर्धं जेवण तसंच राहिलं. ते मी उचललं आणि ठरवलं, आता गप्प बसून भागायचं नाही.

४

आमच्या घरात कायदा एकच. घ्यायचं तर विचारून घ्यायचं. बाजूच्या खोलीतला चमचा असला तरी. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी ह्यांनी माझ्या चांगल्या कात्रीनं पत्रा कापला होता. मी चकार शब्द बोलले नाही, फक्त जेवणात मीठ घालायचं बंद केलं. हे निमूट जेवले, जेवले, आणि शेवटी म्हणाले, "चुकलं. आता कात्री विचारून घेतो, तूही मिठाचं बघ." तेव्हापासूनचा कायदा.

म्हणून स्प्रिंग गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, सून कुणाच्या घरी माप घ्यायला गेली आणि मुलगा जेवून आडवा झाला, तशी मी शेडकडे निघाले. दार ढकलायच्या आधीच ऐकू आलं.

कट्-कट्-कट्. कट्.

मुलाला मी नुकतंच पांघरूण घातलं होतं. पिस्टनचा आवाज लांबून, त्याच्या गॅरेजातून येत होता. मग मी दाराला हात लावून तशीच उभी राहिले. परत जावं असं वाटलं, नाही कशाला म्हणू? पण रात्रीचं अर्धं ताट डोळ्यांपुढे आलं, आणि दार ढकललं.

आवाज थांबला. पण यंत्र थांबतं तसा नाही. साखरेच्या डब्यात हात घातलेलं पोर चाहूल लागताच थांबतं ना, तसा. शेडमध्ये कुणी नव्हतं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडले होते. पाना नटावर अडकवलेला होता आणि त्याची दांडी अजून जराशी हलत होती.

"हे बघ," मी म्हटलं. कुणाला म्हटलं ते मला तरी कुठं ठाऊक? "काम चांगलं करतोस. त्याबद्दल तक्रार नाही. पण हे घर आहे, भंगाराचा ढीग नाही. त्या मशीनवर सगळ्यांचं पोट आहे. इथं राहायचं असेल तर घ्यायचं ते विचारून घ्यायचं. कळलं?"

ट्रॅक्टरच्या पोटाखालून कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडल्यासारखं झालं. तेलाचा वास आला. मी न धावता परत आले. धावता आलं असतं तर धावले असते.

५

सकाळी मशीनची स्प्रिंग जागच्या जागी होती. तेल देऊन. आणि मशीनच्या फळीवर, चिंधीची स्वच्छ घडी करून तिच्यावर, ट्रॅक्टरची तुटकी स्प्रिंग ठेवलेली.

"ही घाण माझ्या मशीनवर कुणी ठेवली?" सुनेनं विचारलं.

मला मात्र लख्ख कळलं. विचारलंय. हे मोडलंय, तुमच्यातलं घेऊ का?

मी ती तुटकी स्प्रिंग उचलली आणि जाऊन माझ्या जुन्या छत्रीवर ठेवली. म्हटलं, "तिचं नको. हिच्यातलं घे." दुसऱ्या दिवसापासून छत्री उघडेना, आणि पंप चालायला लागला.

असा आमचा व्यवहार बसला. सकाळी उठून मी घरभर फिरायची. कुठल्या तरी वस्तूवर मोडका तुकडा ठेवलेला असायचा. ती वस्तू द्यायची असेल तर तुकडा तिथंच राहू द्यायचा. द्यायची नसेल तर उचलून दुसऱ्या वस्तूवर ठेवायचा. आरशाची कडी मागितली, मी पेटीची दिली. सुनेच्या चपलेचं बक्कल मागितलं, मी माझ्या पिशवीचं दिलं. कधी वाटायचं, मी सासरी आले तेव्हा मला एवढं विचारून कुणी काही घेतलं नव्हतं.

भीती गेली होती असं नाही. पण माणूस कशालाही सरावतो. घरात जावई राहायला आला की पहिले चार दिवस अवघडतात, पाचव्या दिवशी त्याच्यासमोर कान कोरतात. मी तर शेडच्या दाराशी चहाचा एक कप जास्तीचा ठेवायला लागले. तो कुणी प्यायचं नाही. पण परत न्यायला जाईपर्यंत कपाचा टवका उडालेला कान सांधलेला असायचा.

पिस्टन गावभर सांगत सुटला, "माझ्या दोस्ताचे हात सोन्याचे आहेत." मुलगा आम्हाला सांगायचा, "पिस्टनसारखा कारागीर नाही." मी दोघांना मान डोलवायची. घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. सून मशीनवर गाणं गुणगुणायची. सवतीला तिनं बसायच्या सीटसाठी कापडाची खोळसुद्धा शिवली, आणि वर म्हणाली, "माझ्यासाठी नाही हो, यांची पँट मळते."

६

ट्रॅक्टर सुरू झाला त्या दिवशी आधी काळा धूर आला, मग करडा, मग खोकला आणि मग तो जुना धड-धड आवाज. कोंबड्या चहूकडे पळाल्या. पिस्टन उड्या मारत होता. सून तोंडावर हात धरून हसत होती.

"चढ!" पिस्टन ओरडला. "घे बाहेर सवतीला!"

मुलगा हातांच्या जोरावर चढला. बसला. स्टिअरिंगवर हात ठेवले. आणि डावा पाय क्लचवर नेला.

गुडघा वाकेना. पाय सरळच्या सरळ क्लचच्या वरून निघून जात होता. त्यानं हातानं मांडी धरून पाय उचलला, वरून दाबला, कंबरेतून सगळा जोर लावला. क्लच अर्धा गेला आणि पाय निसटला. ट्रॅक्टर एक हिसका देऊन बंद पडला. त्यानं पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

एवढे महिने आम्ही सगळे नट मोजत बसलो होतो. क्लच डाव्या पायानं दाबतात, हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"मी घेतो बाहेर आज," पिस्टन चाचरत म्हणाला. "नाहीतर आपण हातानं ओढायची दांडी बसवू. काय त्यात?"

मुलगा उतरला. काठी घेतली नाही. धरत धरत घरात गेला. मी चहा घेऊन गेले तेव्हा पाठ माझ्याकडे होती.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुनेनं ताट उचललं आणि ओट्यापाशी उभी राहून तीच घास घास खात होती आणि रडत होती. म्हणाली, "आई, आता हे उठले नाहीत तर मी पण आडवी होईन हो. एकटीनं किती ओढायचं?" मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मशीनवर वाकून वाकून तिचीही पाठ दगडासारखी झाली होती.

७

त्याच्या पुढच्या दुपारी सून अंगणात कपडे वाळत घालत होती. मी त्यांच्या खोलीत गेले, चादर नीट करावी म्हणून. मुलगा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. बाजूला सुनेची उशी.

उशीच्या बरोबर मधोमध, चिंधीची स्वच्छ घडी करून तिच्यावर, एक स्क्रू ठेवला होता.

लांब, बारीक, चांदीसारखा. ट्रॅक्टरमध्ये असला स्क्रू नाही. हा मी एकदाच बघितला होता, डॉक्टरांनी पायाचा काळा फोटो खिडकीला धरून दाखवला तेव्हा. "हे बघा आजी, असे आत बसवलेत."

मी पांघरुणाची कड उचलली. रक्त नव्हतं. जुना व्रण तसाच होता. फक्त मधे एके ठिकाणी एक लहानसा खळगा होता, बंद, चांगल्या शिंप्यानं काज करावं तसा. मुलगा शांत घोरत होता.

आपोआप निघाला असेल, मी स्वतःला म्हटलं. शरीर नको ते बाहेर टाकतं. पण शरीर टाकतं ते घडी करून उशीवर ठेवत नाही.

विचारलं होतं. मीच शिकवलं होतं ना? हे मोडलंय, तुमच्यातलं घेऊ का? आणि विचारलं होतं सुनेच्या उशीवर.

खिडकीतून ती दिसत होती. टाचा उंच करून दोरीवर चादर टाकत होती, वाकत होती, पुन्हा उंच होत होती. तिचं पायडल डोळ्यांपुढे आलं. दिवसभर खाली-वर, खाली-वर.

नाही म्हणता आलं असतं. स्क्रू उचलून विहिरीत टाकला असता की संपलं. मग मुलाकडे बघितलं. शर्टातून मणके दिसायला लागले होते. नाही म्हटलं तर ही पाठ, हो म्हटलं तर अंगणातली ती. मी स्क्रू मुठीत घेऊन खोलीभर बघितलं. पलंग, खुर्ची, कपाट, टेबल. आणि मला चक्क हसू आलं. म्हटलं, म्हातारे, शोधतेस काय? घरात वाकणारे गुडघे उरलेत आणखी कुणाकडे?

माझ्या खोलीत आले आणि स्क्रू माझ्या उशीवर ठेवला. चिंधीची घडी तशीच घातली. रीत म्हणजे रीत.

"हिचं नको," मी म्हटलं. "हे घे. जुनं आहे, पण अस्सल आहे. आणि डावं तेवढंच. उजव्याला हात लावलास तर बघ."

मग आडवी झाले. स्क्रू उशीवर, मी पलंगावरच जरा खाली सरकून. डोळे मिटले. अशा वेळी बघू नये एवढी समज मला आहे.

८

सुनेनं बाहेर बादली ठेवल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग दार उघडलं, पण बिजागरी कुरकुरली नाही, आणि ती तर नेहमी कुरकुरते. तेलाचा वास आला. पलंगाचा पायथा खाली दबला.

कट्-कट्-कट्.

दुखलं नाही. गार वाटलं, आणि दात उपटताना बधिर हिरडीत डॉक्टर काहीतरी ओढतोय एवढंच कळतं, तसं कुठंतरी लांब, गुडघ्याच्या आत, कुणीतरी सैल करतंय असं कळत होतं. मी मनात ह्यांना हाक मारली. हे असते तर म्हणाले असते, मीठ घालायचं बंद कर, येईल वठणीवर.

मग मला राहवलं नाही. डोळे किलकिले केले.

पाठ दिसली, वाकलेली. तोंडाची एक बाजू. सुतार खिळे धरतात तसे ओठांत काहीबाही धरलेलं होतं, पांढरं. आणि माझ्या पायावर हात होता. त्या हाताचं एक बोट म्हाताऱ्या बाप्याचं होतं, नखाला जुना काळा डाग असलेलं. बाजूचं बाईचं, निमुळतं. करंगळी लहान मुलाची. आणि प्रत्येक बोट जिथं हाताला मिळालं होतं, तिथं हात फिरवला तरी कळणार नाही असा सांधा.

मी डोळे मिटले ते मिटलेच. काम संपल्यावर कुणीतरी माझ्या अंगावर पांघरूण ओढलं आणि पायाखाली कड नीट खोचली. माझा मुलगासुद्धा कधी कड खोचत नाही.

९

संध्याकाळी मुलगा पलंगावर उठून बसला आणि पाय खाली सोडला. सोडला म्हणजे वाकवून सोडला. मग स्वतःच्या गुडघ्याकडे असा बघत राहिला, जसं कुणाचं पोर चुकून मांडीवर येऊन बसलंय.

डॉक्टर म्हणाले, कधी कधी होतं असं, शरीराचं काही सांगता येत नाही. फोटो काढायला सांगितला, पण हा कुठला जातोय! तो ट्रॅक्टरवर होता. पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हा फाटकाचा खांब पाडला. पिस्टन म्हणाला, "पाय दुरुस्त झाला, आता डोळे बघू." आता आसपासच्या सगळ्यांची शेतं तोच नांगरतो. दोन माणसांचं जेवतो. उठता-बसता त्याचा डावा गुडघा जरासा कुरकुरतो आणि चार पावलांवर गप्प होतो. ते ऐकलं की माझा जीव थंड होतो.

माझा डावा पाय काठीसारखा सरळ झालाय. मी अंगणात खुर्ची टाकून बसते.

"आई," सून एकदा माझा पाय स्टुलावर ठेवताना म्हणाली, "तुमचा गुडघा एका दुपारीत कसा गेला हो?"

"वय झालं."

"वय काय एकाच गुडघ्याला होतं?"

"डावा मोठा आहे," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं.  आणि त्या दिवसापासून माझा चहा माझ्या हातात येतो, तिच्या आधी. असलं सुख मला सासूपण आल्यापासून मिळालं नव्हतं. खरं सांगायचं तर मी बरी आहे. चांगली आहे.

१०

फक्त गेले काही दिवस शेडमधला आवाज बिघडलाय. कट्-कट्, आणि मग घसरल्यासारखा. पुन्हा कट्, पुन्हा घसरतो. दाते झिजलेल्या चाकासारखा. कपाचा कान सांधला होता तो वाकडा.

आज सकाळी उठले तर माझ्या उशीवर चिंधीची घडी, आणि तिच्यावर एक तुकडा. लोखंडाचा नाही, हाडाचा नाही. सुपारीएवढा, गुळगुळीत, एका बाजूनं झिजलेला. पिस्टनला दाखवला. तो उलटासुलटा करून म्हणाला, "मावशी, हे आपल्या ट्रॅक्टरचं नाही. कशाचंच नाही हे. आणि गरम का आहे?" मुलाला दाखवला. त्यानं आपला गुडघा चाचपला, हातपाय हलवून दाखवले आणि हसला. सून धडधाकट. घरातलं काहीच मोडलेलं नाही.

मग कळलं कुणाचं मोडलंय.

आता एवढे दिवस आमच्या सगळ्यांचं जोडणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हणायचं तर हे माणसाच्या अंगात कुठं बसतं, ते तरी माहीत हवं. उचलून दुसऱ्या कुणाच्या उशीवर ठेवायचा प्रश्नच नाही. म्हणून तो तुकडा मी स्वेटरच्या खिशात टाकला आणि दिवसभर अंगणात बसले. खिशात तो उबदार लागतो, आणि मधेच, अगदी हळू, कट् करून घसरतो.

ऊन उतरलं. लांबून ट्रॅक्टरचा आवाज यायला लागला. वळणावर मुलानं क्लच दाबला, आवाज बदलला. आत सुनेनं ताटं मांडायला घेतली होती. एवढ्यात माझ्या पाठीमागे तेलाचा वास आला.

मी मागं वळले नाही. "आलास?" म्हटलं. "हे कुठं बसतं ते सांग आधी."

खांद्यावरून एक हात पुढे आला. त्यातली करंगळी माझ्या स्वेटरवर, डाव्या बाजूला, आत धडधडतं तिथं, हलकेच एकदा टेकली. लहान मूल बोट लावतं तसं.

"बरं," मी म्हटलं. "बस जरा. तो घरी येऊ दे. सगळ्यांची जेवणं होऊ देत."

बाजूच्या वेताच्या रिकाम्या खुर्चीचा वेत करकरला, आणि कुणीतरी निमूट बसलं.